पोरांचं वेबपेज पहिल्याच तासात नेटवर चढवा, सजवायचं नंतर बघू

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या लॅबमध्ये आठवी-नववीची पोरं येतात. पोरं ३२ आणि धड चालणारे कॉम्प्युटर ११, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं याच हिशोबात वाचाल. तीन वर्षं झाली मी पोरांकडून स्वतःची वेबपेजेस बनवून घेतोय आणि कोल्हापुरातल्याच दोन-तीन शिक्षक मित्रांनी विचारलं की बाबा नेमकं कसं करतोस ते एकदा लिही, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या वर्षी मी सगळं उलटं केलं होतं. दोन महिने नुसते टॅग, म्हणजे वेबपेज ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात तिच्यातले कंसातले शब्द, शिकवले, वहीत उतरवून घेतले, हेडिंगचा टॅग, पॅराग्राफचा टॅग, टेबलचा टॅग, आणि पेज नेटवर टाकायचं शेवटी ठेवलं. शेवटी काय झालं, सहामाही आली, मग गॅदरिंग, मग स्कॉलरशिपचे तास, आणि एकाही पोराचं पेज नेटवर गेलं नाही, सगळी लॅबमधल्या डी ड्राइव्हमध्येच राहिली आणि पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर फॉरमॅट मारले तेव्हा उडाली. दुसऱ्या वर्षापासून नियम केला की पहिल्या तासाला तीन ओळींचं पेज आणि ते त्याच तासाला नेटवर. दिसायला कसंबी असू दे. पोरगं घरी जाऊन आईच्या मोबाइलवर ते उघडून दाखवतं ना, तिथून पुढं तुम्हाला काही ढकलावं लागत नाही, तेच मागं लागतं.

आता पहिला तास कसा घ्यायचा ते नीट सांगतो, कारण सगळी मजा आणि सगळा घोळ इथंच आहे.

तुमची तयारी आदल्या रात्री घरी करायची. गिटहब म्हणजे फाइली ठेवून त्यांचं पेज नेटवर दाखवणारी साइट, तिथं एक अकाउंट काढायचं, ते तुमचं किंवा वर्गाचं, पोरांचं नाही. गिटहबला अकाउंट काढायला वय किमान १३ लागतं आणि आठवीतली काही पोरं त्या काठावर असतात, शिवाय ३२ पोरांचे ३२ पासवर्ड म्हणजे दर शनिवारी अर्धा तास 'सर पासवर्ड विसरला' यातच जाणार. म्हणून एकच अकाउंट, त्यात एक पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना दिसणारा एक मोठा फोल्डर, आणि तिच्यात प्रत्येक पेजचा एक फोल्डर. फुकटच्या प्लॅनमध्ये रिपॉझिटरी पब्लिकच ठेवावी लागते, नाहीतर 'पेजेस', म्हणजे फाइलींची साइट करून दाखवायची गिटहबची सोय, चालू होत नाही. एखादी फाइल टाकून झाली की सेटिंग्जमध्ये पेजेस म्हणून भाग आहे, तिथं ब्रँच, म्हणजे फाइलींची कुठली प्रत दाखवायची ती, 'मेन' निवडायची आणि सेव्ह करायचं, एवढंच. अकाउंटचं नाव, मग गिटहब डॉट आयओ, मग रिपॉझिटरीचं नाव असा पत्ता मिळतो. साइट १ जीबीपर्यंत चालते, आपल्याला ती जन्मात भरत नाही.

गिटहब अवघड वाटलं तर निओसिटीज आहे, तिथं पण फुकटात १ जीबी जागा मिळते आणि ब्राउझरमध्येच बसून फाइल बदलता येते, सुरुवातीला ते सोपं जातं. गूगल साइट्सवर तर काहीच टाइप न करता पेज तयार होतं, प्राथमिकच्या पोरांना ते बरं. पण मला स्वतःला पोरांनी हातानं एचटीएमएल लिहिलेलं आवडतं, कारण मग कुठल्याही साइटवर राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स मारलं की त्यांना आतलं थोडंफार कळायला लागतं आणि ते कळल्यावर पोरांचे डोळे जे होतात ते बघण्यासारखे असतात.

तासाला बसल्यावर मी आधी जगातली पहिली वेबसाइट उघडून दाखवतो. टिम बर्नर्स-लीनं सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात काम करताना १९९१ च्या सुमारास केलेली, आजही सर्नच्या पत्त्यावर उघडते. पांढरा पडदा, काळी अक्षरं, निळ्या लिंका, एक फोटो नाही. पोरं म्हणतात, 'सर, एवढंच व्हय?' हो, एवढंच. आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्ननं हे सगळं तंत्र जगाला फुकट सोडून दिलं म्हणून आज आपण एक पैसा न देता पेज टाकतोय, हेही एका वाक्यात सांगून टाकतो, भाषण नको.

मग नोटपॅड. टॅगांची नावं मी इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत. सगळ्यात वर डॉकटाइप एचटीएमएलची ओळ, मग हेडमध्ये दोन मेटा टॅग आणि टायटल, मग बॉडीत एच-वनमध्ये मथळा आणि पी टॅगमध्ये तीन ओळी. त्या दोन मेटा टॅगांवर मात्र जोर द्या. पहिला चारसेट यूटीएफ-८ चा. तो नसला तर मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेले ए आणि भलतीच चिन्हं दिसू शकतात आणि पोरगं घाबरतं की आपण काहीतरी मोडलं. दुसरा व्ह्यूपोर्टचा, विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ असा. तो नसला की मोबाइल समजतो हे पेज कॉम्प्युटरसाठीचं आहे आणि सगळं बारीक करून दाखवतो, मुंगीएवढी अक्षरं. आणि आपलं पेज बघणारे निम्म्याहून जास्त लोक आई, आत्या, शेजारची पोरं असे मोबाइलवालेच असणार. हे दोन टॅग मी पाठ करायला लावत नाही, फळ्यावर वर्षभर लिहून ठेवतो, बघून टाइप करा म्हणतो.

फाइल सेव्ह करताना नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल. नोटपॅड काय करतं, सेव्ह ॲज टाइपमध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं नाही तर गुपचूप मागं डॉट टीएक्सटी चिकटवतं, आणि विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेलं असल्यामुळं ते दिसतच नाही. पोरगं शपथ घेऊन सांगतं की सर मी बरोबर नाव दिलंय, आणि त्याच्या बाजूनं ते खरंच असतं. म्हणून लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर आधीच टिक करून ठेवा. माझे पहिल्या वर्षी या एका टिकपायी किती तास गेले ते विचारू नका.

मग पेनड्राइव्ह फिरवायचा, सगळे फोल्डर गोळा करायचे, आणि शिक्षकाच्या कॉम्प्युटरवरून गिटहबच्या अपलोड फाइल्सच्या पानावर सगळे एकदम ओढून टाकायचे, खाली कमिट चेंजेस, म्हणजे बदल नोंदवून सेव्ह करायचं बटण, दाबायचं. लॅबचं नेट गेलेलं असलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट, एवढ्याशा फाइलींना डेटा किती लागणार. एक-दोन मिनिटं थांबावं लागतं, कधी दहा पण लागतात, तोवर पोरांना फळ्यावर पत्ता लिहून द्या. आणि मग कोणीतरी मागून ओरडतं, 'सर, दिसालंय की!' तो तास वसूल.

दुसऱ्या शनिवारपासून विषय. इथं मी जरा कडक आहे. 'माझे कोल्हापूर' हा विषय घ्यायचा नाही. घेतला की सगळ्या पेजेसवर अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढंच येतं, तेही कुठल्यातरी निबंधाच्या पुस्तकातलं, 'निसर्गरम्य' आणि 'विलोभनीय' सकट. मी विचारतो, असं काय आहे जे तुला माहितेय आणि या खोलीत बाकी कुणाला माहीत नाही? सुरुवातीला गप्प बसतात. मग एकजण म्हणतो आमच्या गावात गुऱ्हाळ आहे. बरं, काहिलीत रस किती वेळ उकळतो, मळी काढायला काय घालतात, चुलाणात काय जाळतात, गुळव्याला कसं कळतं की आता उतरवायचं? हे सगळं त्याला येत होतं, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते इथपर्यंत, फक्त याला कोणी विषय म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. एका जोडीनं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पेज केलं, म्हशी कधी येतात, धार काढून ग्लास हातात कसा पडतो. एकीनं आपल्या पेठेच्या फुटबॉल टीमवर. पेठेच्या टीमवर लिहिलं की शेजारच्या पेठेतलं पोरगं तावातावानं चुका काढतं, फुकटातलं प्रूफरीडिंग.

आणि चुका सापडतातच. एका पेजवर लिहिलं होतं की कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरात बनते. मी म्हटलं शोध. शोधल्यावर कळलं की २०१९ ला जो जीआय टॅग, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची सरकारी नोंद, मिळाला तो महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. पोरगं जरा नाराज झालं, म्हणालं, 'म्हणजे आपली एकट्याची नाही व्हय सर.' पण बदललं त्यानं, आणि ते वाक्य आता त्याच्या पेजवरचं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. वहीत लिहिलं असतं तर मी लाल पेनानं खाडाखोड केली असती आणि तो विसरला असता. इथं जगाला दिसणारं होतं म्हणून ते स्वतः शोधत बसलं.

मराठी टाइपिंगचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून पुढं मराठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणं इंग्रजी अक्षरं दाबायचा, कीबोर्ड येतो, सेटिंग्जमध्ये भाषा वाढवली की झालं. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, शिकवला तर उत्तम पण वेळ लागतो. ज्यांच्या घरी मोबाइल आहे ते जीबोर्ड या गूगलच्या मोबाइल कीबोर्डवर बोलून मजकूर घेतात आणि मेल करतात, तेही चालतं, फक्त बोलून घेतलेलं एकदा वाचा म्हणावं, 'गुळव्या'चं काय काय होतं ते बघाल. एक मात्र नको, डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर. तो युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखी उमटणारी अक्षरं, नसतो, त्या फॉन्टशिवाय दुसरीकडं पेस्ट केला की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

फोटो. इथं तीन वेगळ्याच भानगडी आहेत. पहिली, फोटो स्वतःच्या कॉम्प्युटरवर दिसतो आणि नेटवर दिसत नाही. बहुतेक वेळा कारण एकच, फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल. विंडोजला कॅपिटल आर आणि स्मॉल आर सारखेच, गिटहबच्या सर्व्हरला नाहीत. किंवा मग पोरानं फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून डेस्कटॉपपर्यंत सगळा लिहिलेला असतो, तो पत्ता त्याच्याच मशीनवर खरा. म्हणून नियम असा की फाइलींची नावं सगळी स्मॉल, मध्ये स्पेस नाही, मराठी अक्षरं पण नकोत, आणि फोटो त्याच फोल्डरात. दुसरी, वजन. मोबाइलमधला एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो, असे आठ टाकले की बिचारी आत्या डोंगराकडच्या गावात बसून पेज उघडायची वाट बघत राहणार. स्क्वूश नावाची गूगलची फुकट साइट आहे, ब्राउझरमध्येच फोटो लहान करून देते, १२०० पिक्सेल रुंदी आणि २०० केबीच्या आसपास आला की बास. तिसरी भानगड सगळ्यात महत्त्वाची, मोबाइलच्या फोटोत तो कुठं काढला ते लोकेशन लपलेलं असू शकतं. घराच्या गच्चीवरून काढलेला फोटो म्हणजे घराचा पत्ताच की. स्क्वूशमधून काढलेल्या फाइलीत ती माहिती राहत नाही, म्हणून एकही फोटो तिथून गेल्याशिवाय चढवायचा नाही.

गूगल इमेजेसमधनं उचललेला फोटो नको. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोंच्या साइटवरचा चालेल पण काढणाऱ्याचं नाव आणि लायसन्स खाली द्यायचं. आणि खरं सांगू का, पोरानं स्वतः काढलेला हललेला फोटो पण त्या चकचकीत फोटोपेक्षा बरा. प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर पण लिहून घ्या, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. मी एकाला डोळे मिटायला सांगतो आणि दुसऱ्यानं फोटो तोंडी सांगायचा, तेच वाक्य ऑल्टमध्ये, वेगळं शिकवावं लागत नाही.

पोरांची स्वतःची माहिती हा भाग मी पालकांच्या मीटिंगमध्येच बोलून टाकतो. पूर्ण नाव नाही, टोपणनाव किंवा नुसतं पहिलं नाव. चेहरा नाही. फोन नंबर, घर, शाळेचं नाव, युनिफॉर्मवरचा बिल्ला, दारातल्या गाडीची नंबरप्लेट, काहीच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालकच धरलाय आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची संमती घ्यायची असं म्हटलंय, तेव्हा एका कागदावर काय टाकणार, कुठं टाकणार, कधीही काढून देऊ असं लिहून सही घ्या. आणि एक गोष्ट बऱ्याच शिक्षकांच्या लक्षात येत नाही, गिटहबवर फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहते आणि रिपॉझिटरी पब्लिक असल्यामुळं कोणीही मागं जाऊन बघू शकतो. मागच्या वर्षी एका पेजवर चुकून वडिलांचा मोबाइल नंबर गेला होता, मी नुसता पुसला आणि निवांत झालो, दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. मग आख्खी रिपॉझिटरी उडवून नवीन केली. तेव्हापासून अपलोड करायच्या आधी सगळे फोल्डर मी स्वतः उघडून बघतो, चहा गार झाला तरी चालेल.

ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी दाखवायचं, हाही नियम. एका पोरीनं तिच्या मावशीवर लिहिलं होतं, चपलेची वेणी घालते ती, छान लिहिलं होतं, आणि दिवसाला किती सुटतात तेही लिहिलं. मावशीला दाखवल्यावर ती म्हणाली बाकी सगळं ऱ्हाऊ दे, पैशाचं तेवढं काढ, गल्लीत सगळे वाचतील. काढलं.

सजावट म्हणजे सीएसएस, यावर मी मुद्दाम कमी वेळ घालवतो. नाहीतर पोरं तीन शनिवार पिवळ्यावर लाल करण्यात घालवतील. मराठीसाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.७ च्या आसपास ठेवायची, कारण आपल्याकडं वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, ओळी एकमेकींवर चढतात. आणि लेटर-स्पेसिंग, म्हणजे दोन अक्षरांतलं अंतर, वाढवायचं नाही, शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरचा मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही एक टाइप या आपल्याकडच्याच मंडळींनी केलेले.

बसायची पद्धत सांगायची राहिली. एका कॉम्प्युटरला तीनजण आणि एका ठिकाणी दोनच, एकजण टाइप करणार, बाकीचे सांगणार, दर १५ मिनिटांनी जागा बदल. घड्याळ लावून बदल करा, नाहीतर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच तासभर कीबोर्ड सोडत नाही. आणि तुम्ही माऊसला हात लावायचा नाही. हे मला सगळ्यात अवघड जातं, चूक दिसत असते, एक कंस राहिलाय, दोन सेकंदांचं काम, हात शिवशिवतो. मी हात मागं बांधून उभा राहतो आणि विचारतो, कुठल्या ओळीपर्यंत बरोबर दिसतंय? मग तिथनं खाली बघ. बोल्डचा टॅग बंद करायचा राहिला की तिथून पुढचं सगळं ठळक होतं, म्हणजे चूक कुठनं सुरू झाली ते पेजच सांगतं. आणि 'सर, बदललं तरी जुनंच दिसालंय' असं म्हणाला की कंट्रोल दाबून एफ-५, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

चॅटजीपीटीचं पण बोलून टाकू, कारण पोरं वापरतातच, लपवून वापरण्यापेक्षा समोर वापरलेलं बरं. कोडसाठी विचारा, माझी ना नाही, पण कुठल्याही ओळीवर बोट ठेवून मी विचारीन ही काय करते, सांगता आलं नाही तर ती ओळ उडवायची. मजकूर मात्र स्वतःचा. एकानं रंकाळ्यावरचं आणलं होतं त्याच्याकडनं, सगळं गुळगुळीत, काही चुकलेलं नाही आणि काही कळलं पण नाही. मी म्हटलं तू काल संध्याकाळी तिथं होतास ना, कोण कोण होतं? मग सुरू झाला, भेळवाल्याच्या गाडीपाशी बसणारे तेच चार म्हातारे, कोण कुठल्या बाकड्यावर, कुणाचा कुत्रा. ते लिहिलं.

महिन्यातून एकदा पेजेसची उलटतपासणी. प्रत्येकानं दुसऱ्याचं पेज मोबाइलवर उघडायचं, सगळ्या लिंका दाबायच्या, एक प्रश्न लिहून द्यायचा. 'छान आहे' हा प्रश्न नाही. पेजच्या खाली शेवटचा बदल कधी केला ती तारीख पण टाकायला लावतो, ती किती लागते ते पावसाळ्यात कळलं. दोघांनी पंचगंगेच्या पाणीपातळीवर पेज केलं होतं, राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका, इथपर्यंत ठीक, पण वर मोठ्या अक्षरात 'आजची पातळी' लिहून एक आकडा टाकला आणि पंधरा दिवस बदलला नाही. जुलैत असा शिळा आकडा म्हणजे खेळ नव्हे, कोणीतरी घर सोडायचं की नाही ते त्यावर ठरवायचा. 'आजची पातळी' काढली, त्या जागी सरकारी माहितीची लिंक दिली, आणि स्वतःच्या गल्लीत २०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं त्याचा खुणेसकट फोटो टाकला. ती खूण शिळी होत नाही.

वर्ष संपताना आख्खी रिपॉझिटरी झिप करून दोन पेनड्राइव्हवर, एक शाळेत एक माझ्याकडं, आणि पासवर्ड आणखी एका शिक्षकाला माहीत असलेला बरा, बदली कधी होईल सांगता येत नाही. दहावीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, ठेवू का काढू? गेल्या वर्षी दोघांनी काढा म्हटलं, काढली. एकजण म्हणाला, 'ठेवा सर, पण वरचं टोपणनाव तेवढं बदला, आठवीत ठेवलं होतं, आता पोरं चिडवतात.' मी खुर्चीवरनं उठलो, म्हटलं बस, तूच बदल. बसला, बदललं, कमिट मारलं आणि बॅग उचलून गेला.